पल्याडचं कडवं

ग्रीक मी शिकले ती रागापायी. त्यामागं काही उदात्त कारण होतं असं कुणी समजू नये. नाशिकरोडच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत होते, तिथले संस्कृतचे सर एकदा भरल्या स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "बाई, वृत्तं शिकवायला कान लागतो, आणि तो काही एका पिढीत तयार होत नाही." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ठेवा तुमचं संस्कृत बरणीत घालून. तुम्हाला ज्यातलं एक अक्षर वाचता येणार नाही असं काहीतरी शिकून दाखवते की नाही बघा.

मग शरणपूर रोडवर एका बैठ्या घराच्या फाटकाला पाटी दिसली, 'ग्रीक शिकवले जाईल. फी नाही.' ते घर भालेराव सरांचं. सर ख्रिस्ती. तरुणपणी पाद्री व्हायला गेले, बायबलसाठी ग्रीक शिकले, आणि त्या भाषेतल्या जुन्या गाण्यांच्या असे काही नादी लागले की पाद्री व्हायचं राहूनच गेलं. पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. मी गेले ते १९७९ साल होतं. दारात मला बघून म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की चष्मा लावायचा विसरून ते पेन म्हणून चष्म्याचं घरच माझ्या हातात द्यायला लागले. नाशिकमध्ये ग्रीक शिकायला दुसरं येणार तरी कोण होतं, कप्पाळ!

सर ज्यांच्या नादी लागले होते ती गाणी एकट्यादुकट्यानं म्हणायची नव्हती. गावातल्या पोरी किंवा पुरुष घोळक्यानं उभे राहायचे आणि नाचत म्हणायचे. सर त्याला कोरस म्हणायचे. एक कडवं म्हणताना सगळ्यांनी एका अंगाला वळायचं. मग त्याच चालीत, मात्रेला मात्रा लावून, दुसरं कडवं म्हणत उलट्या अंगाला वळायचं. पहिल्याला सरांनी मराठीत नाव ठेवलं होतं वळण, आणि दुसऱ्याला परतवळण. "चाल गेली, नाच गेला," सर सांगायचे, "शब्द उरले, तेही उंदरानं कुरतडल्यासारखे." लव्हाळ्याच्या कागदाचे तुकडे, इजिप्तच्या वाळूत, उकिरड्यांत सापडलेले. अर्धी ओळ, पुढे भोक. पण गंमत अशी की वळण शाबूत असेल, तर परतवळणातल्या भोकाचं माप काढता येतं. तिथं किती अक्षरं होती, त्यातलं लघू कुठलं, गुरू कुठलं, सगळं. शब्द जातो, पण त्याची जागा कुठं जात नाही.

सरांचा स्वतःचा असा एक तुकडा होता. कवीचं नाव गेलेलं, पोरींच्या कोरसचं गाणं, आणि परतवळणाच्या शेवटी एक भोक. माप लघू, गुरू, गुरू. मी शाळेत यमाताराजभानसलगम् घोकून मोठी झालेली, पटकन म्हणाले, "सर, हा तर आमचा य गण!" सर टाळ्या पिटायला लागले. त्या जागी एका पोरीचं नाव होतं एवढं नक्की. कुठलं, ते सर कित्येक वर्षं शोधत होते.

"मापात बसेल ते कुठलंही नाव चालेल का मग?" मी विचारलं.

"चालेल. पण आपण भरलेला शब्द कंसात ठेवायचा, सुजाताबाई. कंस काढला की तो खोटेपणा झाला."

आणखी एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. एकट्या माणसाचं गाणं सुरानं सुरू होतं, आणि घोळक्याचं श्वासानं. पहिला शब्द यायच्या आधी सगळ्या पोरी एकदम श्वास घेतात. तो श्वास कुठल्याही कागदावर लिहिलेला नसतो, पण सर म्हणायचे की ओळ वाचताना त्यांना तो ऐकू येतो. मला वाटायचं, वयानं होत असेल.

आम्ही राहायचो एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत. माझा थोरला भाऊ सावळीराम तिथं कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. पहिल्या मजल्यावरची खोली, मागं गॅलरी, खाली बाभळी आणि त्यांच्या पल्याड गोदावरी. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, ती झटकूनच घडी घालायची. घरात दादा, वहिनी, मी आणि आई.

आम्ही बौद्ध. छप्पन साली माझ्या वडिलांनी, पुंजारामांनी, धम्म घेतला, घरातले देवांचे टाक उचलले आणि नदीत सोडून आले. आईनं त्यांच्याबरोबर माहेरची गाणीही सोडली. ती कुणी मागितली नव्हती, तरी तिनं सोडली. फक्त एका बाबतीत ती हटून बसली. यशोदा हे नाव बदलून वडील तिला यशोधरा म्हणायला निघाले, तेव्हा म्हणाली, "माझ्या आईनं मला यशोदा हाक मारली. दुसऱ्या नावाला म्या ओ देणार नाय." वडिलांची हौस मग माझ्यावर फिटली. मी पुढच्या वर्षी जन्मले आणि सुजाता झाले.

असं सगळं सोडलेली माझी आई, १९८१ सालच्या नागपंचमीला, दुपारी, गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि नदीकडं तोंड करून गायला लागली.

नदीच्या पल्याड उभ्या गं बाया,
आमच्यातली गं कुणाला नेता?

गाताना डाव्या अंगाला वळत गेली. म्हणून झालं आणि थांबली. हनुवटी वर करून, कान देऊन थांबली, दारात हाक मारून माणूस ओ यायची वाट बघतं तसं. मग मान खाली घातली, "नाय," असं पुटपुटली आणि आत आली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चहा घ्यायची, पाणी घ्यायची, पण अन्नाचा घास नाही. दादानं डॉक्टर आणला. नाशिकरोडला नेऊन सलाईन लावली. सगळं ठीक आहे म्हणाले. ठीक आहे तर जेवत का नाही, ते मात्र कुणी सांगेना. मी तिच्यापुढं ताट घेऊन बसले आणि भांडले.

"जवाब आल्याबिगर घास घ्यायचा नसतो, सुजे," ती म्हणाली.

"कुणाचा जवाब?"

"पल्याडच्यांचा."

"काय असतो तो? सांग, मी म्हणते. हाय काय नि नाय काय!"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी काहीतरी ओंगळ बोलले होते. "मला काय ठाव? पल्याडचं कडवं पल्याडच्यांनीच म्हणायचं. आपल्या तोंडात नाय घ्यायचं ते."

तेव्हा माझ्या डोक्यात सरांचं वळण आणि परतवळण वाजलं. दुसऱ्या दुपारी मी तिच्या मागं दारात उभी राहिले. तिनं कडवं म्हटलं, थांबली, आणि मी बोटांवर मात्रा मोजत गेले. तिची मान खाली गेली ती बरोबर कडव्याचं माप भरल्यावर. एक मात्रा इकडं नाही की तिकडं नाही. ती नुसती गप्प बसत नव्हती. पल्याडचं कडवं अख्खं ऐकत होती आणि त्यात काहीच येत नव्हतं.

आणि त्या गप्पपणाच्या सुरुवातीला मी एक आवाज ऐकला. वीज केंद्राची घरघर आमच्याकडं चोवीस तास असते, तिच्याकडं लक्षही जात नाही. त्या घरघरीच्या खालून, बाभळींकडून, पुष्कळ बायकांनी एकदम श्वास घेतला. पुढं शब्द आला नाही. नुसता श्वास. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, माझ्या बापानं मला तसं वाढवलेलं नाही. म्हणून तर जास्तच घाबरले.

मी सरांकडं गेले ते रडतच. सगळं सांगितलं. सरांना माझी दया आली, पण डोळे मात्र चमकायला लागले, ते काही त्यांना लपवता येईना. लगेच कागद घेतला, आईची ओळ लिहिली, खाली तितक्याच टिंबांची ओळ काढली.

"बघा, सुजाताबाई. प्रश्न आहे 'कुणाला नेता'. उत्तर त्याच मापाचं हवं. 'कुणाला'च्या जागी नाव येणार. लघू, गुरू, गुरू. पुन्हा तुमचा य गण!" आणि माझ्याकडं वर न बघता त्यांनी त्या टिंबांवर लिहून टाकलं, कंस घालून. "तुमच्यातली गं यशोदा नेतो. बसतं! तंतोतंत बसतं! म्हणून टाका, आई जेवतील."

बसत होतं खरं. मला हायसं वाटलं. पण मी मास्तरीण. गाळलेल्या जागा अंदाजानं भरणाऱ्या पोरांना मी भोपळा देते. म्हटलं, सर, माझ्या आईबरोबर लहानपणी पंचमीची गाणी म्हटलेली एक बाई अजून जिवंत आहे, तिला विचारते आणि मगच तोंड उघडते.

ती बाई म्हणजे आईची चुलत बहीण चंद्रभागा. विंचूरजवळच्या एकाच गावात दोघी वाढल्या. आता ती मनमाडला असायची, मुलगा रेल्वेत, त्याच्या क्वार्टरच्या अंगणात खाटेवर दम्यानं धापत बसलेली. मी रविवारी पॅसेंजरनं गेले. कडव्याची पहिली ओळ म्हणाले आणि मावशीनं माझा हात घट्ट धरला.

"आजून म्हणती ती? अगं बया!"

मग सांगायला लागली. पंचमीला गावच्या पोरी नदीकाठी दोन रांगा करायच्या. अल्याडची रांग विचारायची, पल्याडची नाव घ्यायची. जिचं नाव घेतलं ती पोर रांग सोडून पल्याड जायची. एका पंचमीला एकच नाव. सवाल टाकला की जवाब येईपर्यंत घास घ्यायचा नाही, म्हणून पल्याडच्या मुद्दाम छळायच्या, दुपार टळेपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत. आई अल्याडची, मावशी पल्याडची.

"आणि नेलेल्या पोरीचं काय?"

"ती पल्याडची झाली. अल्याडच्यांनी तिच्याशी बोलायचं नाय, सवाल टाकतानाबिगर तिच्याकडं बघायचं नाय, डाव संपेस्तोवर, मग किती का पंचम्या लागेनात. बघितलं तर ती कायमची पल्याडची. शेवटची पोर गेली की डाव संपला, मग समद्या मोकळ्या. हसत-खिदळत घरी."

"म्हणजे ठरलेले शब्द नव्हतेच? नुसतं नाव?"

"नाव तर महत्त्वाचं, पोरी." मावशी थांबली, दम खाल्ला. "आमचा डाव मधीच ऱ्हायला. लग्नं झाली, मग देव सोडले. पर अल्याडच्या ज्या ज्या गेल्या ना, त्यांनी जायच्या आधी असंच अन्न सोडलं. बयाबाईनं सोडलं. कुसाबाईनं सोडलं. मग एक दिवस दोघीबी पोटभर जेवल्या, म्हणाल्या, माझं नाव घेतलं गं. दुसऱ्या दिशी खलास. आता तुझी आईच ऱ्हायली अल्याडला."

सरांच्या कागदावरचं ते कंसातलं नाव डोळ्यांपुढं आलं. किती आनंदानं लिहिलं होतं बिचाऱ्यांनी!

"मावशी, तू चल. तू म्हण काहीतरी दुसरं."

"म्या नाय येणार. म्या पल्याडची. म्या तोंड उघडलं तर यशोदाच यील भाईर. आन् तुझ्याबी तोंडात तेच यील, बघ."

"तिच्या रांगेतलं दुसरं कुणाचं नाव चालेल का?"

"दुसरं हाय कोण?" मावशी म्हणाली, आणि मग माझ्याकडं बघत राहिली. "तिच्या पोटची ती तिच्याच रांगेतली," असं हळूच म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. मी निघाले तेव्हाही तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

परतीच्या गाडीत मी स्वतःलाच शिव्या घालत होते. एम.ए. झालेली बाई, आणि कसला विचार करतेयस! पण माझी आई काडीसारखी झाली होती. जवाब दिला नाही तर ती उपाशी मरणार, हे डॉक्टर नसलेल्यालाही दिसत होतं. जवाबात यशोदा म्हटलं तर ती समाधानानं जेवणार, हात धुणार आणि जाणार. आणि बाकी सगळं थोतांड असलं, तरी एवढं मला कळत होतं की माझी आई ते थोतांड मानते, आणि मानणारं माणूस त्या एका शब्दावर प्राण सोडू शकतं. मला माझी आई हवी होती. बस्स, बाकी मला काही नको होतं.

बोटांवर मोजलं. यशोदा. कुणाला. सुजाता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिना उतरून इमारतीच्या मागं गेले, बाभळींपाशी, नदीला पाठ करून उभी राहिले. वर गॅलरीत आई आली. तिचा आवाज आता कापडाच्या चिंधीएवढा उरला होता. तिनं विचारलं, कुणाला नेता, आणि थांबली. मी श्वास घेतला. आणि माझ्या पाठीमागं, अगदी मानेला वारा लागेल इतक्या जवळ, पुष्कळ जणींनी माझ्याबरोबर श्वास घेतला.

मागं वळून बघायची छाती झाली नाही. मी गायले.

नदीच्या अल्याड उभ्या गं बाया,
तुमच्यातली गं

आणि आईशप्पथ सांगते, माझी जीभ आपोआप 'य'कडं वळली. मावशी म्हणाली होती तस्सं. मी दात ओठांत रुतवून ती मागं ओढली आणि ओरडलेच,

सुजाता नेतो.

वर आईनं किंकाळी फोडली. "सुजे!" अशी एकच. मग आत गेली.

मी धावत जिना चढले. वहिनीनं तांदळाची खीर केली होती, आई खाली बसून ती खात होती. रडत होती आणि खात होती. "आई, मी आलेय," म्हटलं. तिनं वर बघितलं नाही. मी खांद्याला हात लावला, तर माशी बसावी तसा खांदा झटकला. वहिनीला म्हणाली, "न्हेली गं माझी सुजी. लय लवकर न्हेली."

त्या दिवसापासून आई जेवायला लागली, अंगानं भरली, वसाहतीतल्या बायकांशी गप्पा मारायला लागली. आणि एक वर्ष तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी एका ताटलीच्या अंतरावर बसायचे आणि ती माझ्या आरपार भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडं बघायची. मी चिडले, रडले, भांडी आपटली, पाय धरले. काही उपयोग नाही. दादा म्हणाला वेड लागलंय, वहिनी म्हणाली वयाचं आहे. माझा जीव जळायचा. शाळेत मुलांपुढं कविता वाचताना आवाज जायचा. आपल्या घरात आपण भूत होऊन वावरायचं म्हणजे काय, ते मला विचारा. कधी कधी आरशात बघून खात्री करून घ्यायचे. दोरीवरची माझी साडी कुणीतरी राख झटकून घडी करून ठेवलेली असायची. मला यायला उशीर झाला की दाराची कडी काढलेली असायची. वहिनी करत असेल, असं धरून चालले.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही भरलेल्या नावाला कंस घातला होतात ना?"

"गाण्यात कंस कसा घालतात सर?" मी खेकसले. "तेवढं तुमच्या ग्रीक पोरींना विचारून सांगा मला."

पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्यांनी त्यांच्या तुकड्यात इतकी वर्षं अंदाजानं भरून बघितलेली, कंसातली सगळी नावं खोडून टाकली होती. भोक तसंच ठेवलं होतं.

ब्याऐंशीची पंचमी आली. आई दुपारी गॅलरीत गेली आणि तिनं विचारलं. कुणाला नेता. मी स्वयंपाकघरात उभी होते, हातातलं पातेलं खाली पडलं.

आता यशोदा सोडून द्यायला नावच उरलं नव्हतं. मी घरात सगळं सांगून टाकलं, तेव्हा वहिनी बिचारी म्हणाली, "ताई, माझं घाला. लताबाई." मी हसले आणि रडले. ती सून, तिची रांग वेगळी, आणि तिचं नाव मापातही बसत नव्हतं. दादानं बजावलं, "सुजे, यंदा तू तोंड उघडायचं नाहीस." मी नाही उघडलं. आईनं पुन्हा अन्न सोडलं. पुन्हा सलाईन, पुन्हा सगळं ठीक. मी ठरवलं होतं, वाट बघू, थकेल, विसरेल. ती विसरली नाही. तिच्या गालांची हाडं दिसायला लागली, आणि तरी दुपार झाली की भिंत धरत धरत गॅलरीत जायची.

शेवटी एका दुपारी मीच हरले. खाली गेले, बाभळींपाशी उभी राहिले. म्हटलं, निदान तिचा चेहरा तरी नीट बघू.

आई वर आली. कठड्याला धरून उभी राहिली. आणि वर्षभरात पहिल्यांदा तिनं थेट माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांत. पल्याडच्यांना विचारताना त्यांच्याकडं बघावंच लागतं ना! आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले. कुणाला नेता?

मागं श्वास झाला. या वेळी मी घाबरले नाही. मला कळलं की ती माझ्याकडून एवढंच मागते आहे, आणि ते देणारी माझ्याशिवाय कुणी उरलेली नाही. मी गायले. हळू, स्वच्छ, मापात.

तुमच्यातली गं यशोदा नेतो.

आई हसली. लग्नातल्या पोरी हसतात तशी, पदर तोंडाला लावून. मग आत गेली. बराच वेळ जिन्यावर तिची पावलं वाजत राहिली. उन्हात आली, अंगणातून चालत माझ्यापाशी आली आणि वळून माझ्या शेजारी उभी राहिली. आम्ही दोघी नदीला पाठ करून आमच्याच रिकाम्या गॅलरीकडं बघत होतो. तिनं माझा हात हातात घेतला, मनगट चाचपलं.

"किती वाळलीस गं, सुजे. मागच्या आठवड्यात तर दोन दिस नुसत्या चहावर शाळंत गेलीस. आन् ती निळी साडी कशाला नेसतीस, पार इटलीया, हातात घेतली की फाटती."

दिसत होते मी तिला. वर्षभर, रोज, माझं सगळं तिला दिसत होतं.

"मग बघितलं का नाहीस गं माझ्याकडं?" मी ओरडलेच. "वर्षभर! मेले असते मी!"

"बघितलं आसतं तर हितंच ऱ्हायली आसतीस." ती म्हणाली. "माझं नाव तू घेशील तवाच डाव संपणार व्हता. घेईना झालीस तर काय करू, उपाशी ऱ्हायले." मग माझ्या पाठीवर थाप मारली, शाळेत पाठवताना मारायची तशी. "जा. संपला डाव. तू मोकळी. वर जाऊन पोटभर जेव."

"तू चल."

"तू जा फुडं. म्या हाय हितं."

मी वर गेले. वहिनीनं वाढलं आणि मी जेवले, अधाशासारखी जेवले. ताट पुसून गॅलरीत आले. आई बाभळीला टेकून, नदीकडं तोंड करून बसली होती, मान खांद्यावर कलंडलेली. मी हाक मारली. आई म्हणून मारली, मग यशोदा म्हणूनही मारली. तिनं वळून बघितलं नाही.